चिकट खोलीतला कूलर

आमच्या घरात झोपायच्या तीन खोल्या होत्या. त्यातली मागची मुलीनं उपग्रहाच्या कामासाठी घेतली. कुणी पाहुणा मुक्कामाला आला की बायको गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "मागची खोली अंतराळात गेली, तुम्ही हॉलमध्ये झोपा." नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत कुणाकडे शिकवणी आहे, कुणाकडे ब्युटी पार्लर, कोपऱ्यावर पिठाची गिरणी. आमच्याकडे उपग्रहाची पॅनेलं. गल्लीला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. गिरणी जास्त उपयोगाची आहे, हे मलाही मान्य आहे.

मुलगी इंजिनियर. चार-पाच वर्षं बंगळुरूला नोकरी करून परत आली आणि म्हणाली, आता आपली कंपनी. कंपनी म्हणजे ती, पुण्यात बसून नकाशे काढणारी तिची एक मैत्रीण, आणि मी. मला कुणी नेमलं नव्हतं. मी उमरेडच्या कोळसा खाणीत फिटर होतो. तीस वर्षं एसटीनं जाऊन-येऊन डंपरचे ब्रेक, पंप आणि जॅक दुरुस्त केले. रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत घरातले सगळे नळ दुरुस्त करून झाले, न गळणारेसुद्धा. मग माझी नजर शेजाऱ्यांच्या नळांकडे गेली, तेव्हा बायको मुलीला म्हणाली, "यायले घे वं तुझ्या कामात, नाही तर हे मले वेडं करतील." अशी माझी भरती झाली.

काम काय होतं ते सांगतो, समजायला अवघड नाही. उपग्रहाच्या आतली यंत्रं ज्या फळीवर बसवतात ती हलकी लागते आणि ताठही लागते. म्हणून दोन पातळ पत्रे आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी अ‍ॅल्युमिनियमची जाळी, असं ते पॅनेल असतं. दिसायला दणकट, पण जाळीत स्क्रू धरत नाही. त्यामुळे जिथे स्क्रू येणार तिथे भोक पाडायचं, त्यात आटे पाडलेलं धातूचं छोटं बुश ठेवायचं आणि त्याच्या भोवती इपॉक्सी भरायचं. इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांतलं केमिकल, एका डब्यात राळ आणि दुसऱ्यात हार्डनर. वजन करून कालवायचं, वाळलं की दगड. बुश नीट बसलं नाही तर रॉकेटच्या हादऱ्यात ते यंत्रासकट सुटून येणार, आणि वर जाऊन आवळायला तिथे कुणी फिटर नाही. हे शेवटचं वाक्य मी मुलीला पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं. तिनं ते फळ्यावर लिहून ठेवलं, तेव्हा मला आपण अगदीच नळछाप नाही असं वाटलं.

मागच्या खोलीला आम्ही चिकट खोली म्हणायचो. दीड वर्ष त्या खोलीत आम्ही फक्त तोडत होतो. लोकांना वाटतं संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि मोठाली गणितं. आमचं संशोधन म्हणजे वीतभर तुकड्यात बुश बसवायचं, तीन दिवस वाळू द्यायचं आणि मग ते किती ताकदीला उपटून निघतं ते बघायचं. उपटायचं यंत्र मीच एका जुन्या हायड्रॉलिक जॅकवर बनवलं होतं. मुलीनं त्याला ताकद दाखवणारं मीटर लावलं आणि ते प्रयोगशाळेतून तपासून आणलं. राळ पाच मिनिटं कालवली तर काय होतं, आठ मिनिटं कालवली तर काय. भोक घासलं तर काय, पुसलं तर काय. एकदा मी सवयीनं भोकात फुंकर मारली, तर माझ्या फुंकरीवरही तिनं चार तुकडे खर्च केले आणि फुंकर वाईट असते असं सिद्ध केलं. पावसाळ्यात लागोपाठ चाळीसेक तुकडे कमजोर निघाले, तेव्हा कळलं की ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणासारखा थर येतो आणि पकड जाते. तेव्हापासून खोलीत एसी लागला, भिंतीवर तापमान आणि ओलावा दाखवणारं मीटर आलं. म्हणजे ओलाव्याचं मला माहीत नव्हतं, असं म्हणायची मला सोय नाही.

प्रत्येक पॅनेलबरोबर एक पिवळं कार्ड असायचं. कुठलं बुश कुणी बसवलं, किती वाजता, खोलीत तापमान किती, ओलावा किती. सकाळ-संध्याकाळ भिंतीवरचे आकडे कार्डावर उतरवणं माझं काम. मला ते आवडायचं. खाणीत प्रत्येक शिफ्टच्या आधी ब्रेकच्या रजिस्टरवर माझी सही असायची, आणि त्या सहीवर विश्वास ठेवून माणूस डंपर घेऊन उतारावर जायचा. तीस वर्षांत मी न बघता एकही सही केली नाही. घरात या गोष्टीचा मी इतका अभिमान मिरवला आहे की बायको ते वाक्य माझ्याआधी पूर्ण करते.

मग एकदाचं खरं काम आलं. बंगळुरूच्या एका कंपनीच्या छोट्या उपग्रहासाठी एक पॅनेल, चोवीस बुशांचं. दीड वर्ष तुकडे तोडल्यावर पहिल्यांदा आमचं काही वर जाणार होतं. पण त्या कंपनीनं तेच पॅनेल दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या कारखान्यालाही सांगून ठेवलं होतं. आमचं वेळेवर आणि नीट पोचलं तर आमचं जाईल, नाही तर त्यांचं. मुलीला यात अपमान वाटला नाही. ती म्हणाली, नवीन दुकानातून कुणी एकदम सोनं घेत नाही. पण त्या महिन्यात तिचं वजन उतरलं, आणि जेवताना तिचं लक्ष ताटात नसायचं.

नवतपा लागला होता, मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. नागपुरात त्या नऊ दिवसांत शहाणा माणूस अकरानंतर दाराबाहेर पाऊल टाकत नाही. मुलीनं सकाळी सातलाच काम सुरू केलं. एक ते बारा नंबरची बुशं तिनं बसवली आणि त्याच कालवलेल्या राळेतून एक नमुन्याचा तुकडा केला. हा तुकडा पॅनेलच्या ऐवजी तोडायचा असतो. उडणाऱ्या पॅनेलला कुणी हात लावत नाही, त्याचा नमुना ताकदीला उतरला की पॅनेल पास. साडेअकराला तिला मिहानच्या औद्योगिक वसाहतीत जायचं होतं, आमच्यासाठी शेडची जागा मिळते का ते बघायला. जाताना म्हणाली, "बाबा, तेरा ते चोवीस तुम्ही करान. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." हे खरं होतं आणि तिनं ते म्हटल्यावर माझा हात आणखी स्थिर झाला.

मी जेवून बसलो, राळ आणि हार्डनर वजन करून कालवलं, आणि गल्लीतल्या विजेच्या डीपीवर काहीतरी जळालं. लाइट गेले. एसी बंद. इन्व्हर्टरवर घरातले पंखे आणि कूलर चालतात, एसी चालत नाही. खोलीचं तापमान चोवीसवरून बघता बघता तेहतीसवर गेलं. अशा गरमीत कालवलेली राळ कपातच घट्ट व्हायला लागते. मुलीला दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. आता खरं म्हणजे काम थांबवायचं होतं. राळ फेकायची, लाइट आले की नवी कालवायची, नाही तर दुसऱ्या दिवशी. पण तिनं माझ्या भरवशावर बारा बुशं ठेवली होती आणि मला ती संध्याकाळी झालेली दाखवायची होती. म्हणून मला ते सुचलं, जे नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात सगळ्यात आधी सुचतं. हॉलमधला कूलर मी ढकलत आणला आणि चिकट खोलीच्या दारात लावला.

"मी काय उकडून मरू का इथं?" बायको हॉलमधून म्हणाली.

"उपग्रहाचं काम आहे," मी म्हणालो.

"त्याले म्हणा वर थंडीच आहे."

तापमान सत्तावीसवर आलं. मी खूश झालो. कूलरच्या ओल्या वाळ्यातून येणारी गार हवा पाठीवर घेत मी तेरा ते चोवीस बुशं एका बैठकीत बसवली, राळ कपातल्या कपात थंड ठेवून, पुरवून पुरवून. साडेतीन तास कूलर चालला. पाचला लाइट आले, मी कूलर जागेवर नेला, एसी लावला. संध्याकाळी मीटरवर ओलावा पंचेचाळीस होता, अगदी चांगला. तो आकडा मी कार्डावर लिहिला आणि सही केली. मुलगी आली, पॅनेलवर वाकून सगळी बुशं बघितली, म्हणाली, "मस्त बसले बाबा."

रात्रीचं ताट वाढताना बायकोनं कुरड्यांचा डबा उघडला. चिकट खोलीच्या बाहेरच्या बोळीत तिनं सकाळी वाळलेल्या कुरड्या परातीत ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी डब्यात भरल्या होत्या. एक हातात घेऊन वाकवली, तर ती मोडली नाही, वाकली. "सादळल्या पहा," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या कूलरनं." मुलगी हात धुवायला गेली होती, तिनं ऐकलं नाही. माझा घास तसाच राहिला. साडेतीन तास मी त्या खोलीत पावसाळा करून ठेवला होता.

त्यानंतरचे तीन दिवस मी माझ्या आयुष्यातले फार वाईट दिवस समजतो. पॅनेल वाळत होतं आणि मी गप्प होतो. मी कार्डावर खोटं काही लिहिलं नव्हतं. सकाळचा आकडा खरा, संध्याकाळचा खरा, फक्त दुपार लिहिली नव्हती. याला खाणीत काय म्हणतात ते मला चांगलं माहीत होतं. पण मला भीती वाटत होती, आणि ती उपग्रहाची नव्हती. सांगितलं तर मुलीचं पहिलं पॅनेल माझ्यामुळे जाणार, आणि मग ती प्रेमानं, समजुतीनं म्हणणार, बाबा, तुम्ही आता आराम करा. मला पुन्हा नळ दुरुस्त करायचे नव्हते. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी गप्प बसलो होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते. रोज सकाळी मी ठरवायचो की आज चहाला सांगू, आणि चहा झाला की जेवताना सांगू असं ठरायचं.

चौथ्या दिवशी सकाळी मुलीनं नमुन्याचा तुकडा जॅकवर लावला. पाहिजे त्यापेक्षा खूप जास्त ताकदीला तो उपटून निघाला. तिनं आकडा कार्डावर लिहिला, पास. मी टाळी वाजवली, आणि माझ्याच टाळीचा आवाज मला खोटा वाटला. तो तुकडा सकाळच्या राळेचा होता. कूलर त्यानंतर आला होता.

दुपारी चारला कुरिअरची गाडी येणार होती. मुलगी फोमच्या डब्यात पॅनेल ठेवून टेप लावत बसली होती आणि मी तिला टेप कापून देत होतो. ती फार हळू लावत होती. एक पट्टी लावायची, बोटानं दाबायची, पुन्हा दाबायची. दोन बाजू झाल्या. तिसरी पट्टी मी कापली आणि तिच्या हातात दिली नाही.

"थांब वं जरा," मी म्हणालो.

ती थांबली.

"त्या दिवशी दुपारी एसी बंद होता. मी कूलर लावला होता खोलीत. साडेतीन तास. तेरा ते चोवीस सगळे त्याच हवेत बसवले."

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती डब्याकडेच बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "नमुना पास आहे, बाबा."

"नमुना सकाळचा आहे."

"राळ त्याच डब्यातली आहे."

"राळ तीच, हवा तीच नाही. तुले माहीत आहे."

"मग काय करू म्हणता?"

"ओढून पाहू. तेरापासून."

उडणाऱ्या पॅनेलला एकदा ओढ लावली की ते भंगार. बुशं पक्की निघाली तरी भंगार, कारण ओढ लागलेलं पॅनेल कुणी घेत नाही. हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिनं घड्याळाकडे बघितलं, कुरिअरवाल्याला फोन करून आज येऊ नको म्हणून सांगितलं, आणि लावलेली टेप ओढून काढली.

यंत्राशी मी बसलो. तिनं पॅनेल धरलं. तेरा नंबरचं बुश. जॅकचा दांडा मी हळूहळू दाबत गेलो, आकडा चढत गेला, हव्या त्या आकड्याच्या पुढे गेला, आणि बुश जागचं हललं नाही. मी सोडलं. चौदा. तेही हललं नाही. पंधरा, सोळा, दोन्ही पक्की. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात येत होता आणि या वेळी एसी चालू होता. सतरा पक्कं. अठरा पक्कं. मला वाटायला लागलं की मी माझ्या मनाच्या समाधानासाठी एक चांगलं पॅनेल मारलं. आधी कूलर लावून चूक केली, मग सांगून दुसरी, मग ओढून तिसरी. दीड वर्षाचं काम मी तिच्या समोर बसून, एकेक नंबर घेऊन तोडत होतो, आणि ते पुरतं चांगलं होतं.

एकोणीसला दांडा अर्ध्यावर आला आणि हलका झाला. बुश आपल्या भोवतीच्या राळेच्या गोळ्यासकट बाहेर आलं. मी हातात घेतलं. कडेला मेणासारखी चकचकीत साय होती. बोट लावलं तर चिकट.

मला सांगायला लाज वाटत नाही, माझा जीव भांड्यात पडला. मुलीचं पहिलं पॅनेल मातीत गेलं होतं आणि मी खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास घेतला. ते खराब होतं. ते वर जाऊन सुटलं असतं. ते वर गेलं नाही, इथे माझ्या हातात आलं. वीस आणखी कमी ताकदीला निघालं, एकवीस त्याहून कमी. कपातली राळ जितका वेळ ओल्या हवेत राहिली होती, तितकी बिघडत गेली होती. मी नको तितकी थंड ठेवून, पुरवून पुरवून वापरली होती ना. चोवीस तर जवळजवळ हातानं आलं.

बायको दारात येऊन उभी होती. "झालं का वाटोळं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

"मग हसून काय राहिले दोघं?"

तेव्हा मी मुलीकडे बघितलं. ती खरंच हसत होती, आणि डोळे पुसत होती. मला वाटलं माझी दया येऊन हसते आहे.

तिनं लगेच बंगळुरूला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. तिकडच्या क्वालिटीच्या बाई हिंदीत बोलायच्या, मोजकं बोलायच्या, आणि त्यांची मला नेहमी भीती वाटायची. मुलीनं काही लपवलं नाही. एसी गेला, कूलर लावला, बारांपैकी सहा निकामी, पॅनेल आम्हीच नाकारतो आहोत. मग बाईंनी विचारलं, नमुना पास असताना तुम्ही पॅनेल का ओढलं? मुलगी म्हणाली, कूलर नमुन्यानंतर लागला होता. बाई म्हणाल्या, फोटो पाठवा. आणि मग म्हणाल्या, त्यांच्याकडचंच दुसरं एक यंत्र रखडलं आहे, अठरा दिवस मिळतील, तेवढ्यात नवीन देता येत असेल तर द्या. आमच्यावर कुणी उपकार केले अशातला भाग नव्हता, त्यांनाही वेळ हवा होता. पण त्या अठरा दिवसांसाठी मी आजही त्या रखडलेल्या यंत्राचा आभारी आहे. ते दुसरं पॅनेल आम्ही वेळेवर दिलं, ते पास झालं आणि गेलं. त्यात विशेष सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि घडू नये अशीच आमची इच्छा होती.

सांगण्यासारखं जे घडलं ते फोनच्या दिवशीच, दिवेलागणीला. बायको देवाजवळ दिवा लावत होती. मी चिकट खोलीत जाऊन नाकारलेल्या पॅनेलचं कार्ड घेऊन बसलो. मधल्या मोकळ्या जागेत लिहिलं, दुपारी कूलर लावला, साडेतीन तास, आणि सही केली. तारखेच्या चार दिवस उशिरा. ओलाव्याच्या रकान्याशी माझं पेन थांबलं. मुलगी मागे येऊन उभी राहिली होती.

"दुपारी किती होता ते आता कसं लिहू," मी म्हणालो. "मीटर तवाचा आकडा दाखवते थोडाच."

तिनं भिंतीवरून मीटर काढलं, उलटं केलं आणि मागचं एक छोटं बटण मला दाखवलं. मी ते कधी दाबलं नव्हतं. ते दाबलं की मीटरनं आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा आकडा दिसतो.

"एकोणऐंशी लिहा," ती म्हणाली.

तिनं बटण अजून दाबलं नव्हतं.

ती समोरच्या स्टुलावर बसली, मीटर मांडीवर घेऊन.

"त्या दिवशी मिहानवरून आली तवाच दाबलं होतं मी," ती म्हणाली. "माझं रोजचंच आहे ते. तुमच्यावर पहारा म्हणून नाही, सवय आहे."

"मग विचारलं काहून नाही मले?"

"हाव म्हणाले असते तर पॅनेल गेलं असतं, बाबा. आणि नाही म्हणाले असते तर तुम्ही गेले असते."

मी पेन कार्डावरून उचललं.

"तीन दिवस वाट पाहून राहिली होती मी तुमची. चहाच्या वेळी, जेवताना. आज टेप लावून राहिली होती तरी वाटे, आता बोलतील, आता बोलतील."

"आणि मी बोललोच नसतो तर?" मी विचारलं. "तू थांबवलं असतं ना?"

"मले माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही बाबा. दोन बाजू तर मी लावल्या होत्या."

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. ओलाव्याच्या रकान्यात एकोणऐंशी लिहिलं. मग माझ्या सहीच्या खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं, मीटर त्याच संध्याकाळी पाहिलं होतं, विचारलं नाही, आणि त्यापुढे स्वतःची सही केली.